आजाऱ्याचं कढण, पेज आणि सूप: वरणात पाणी ओतण्याआधी वाचा

घरात कुणी तापानं आडवं झालं की आपल्याकडे, खानदेशात, हटकून काय होतं? दुपारच्या वरणात तांब्याभर पाणी ओततात, एक उकळी काढतात आणि वाटी आजाऱ्यापुढे सरकवतात. त्या वरणात सकाळची फोडणी असते, शेंगदाण्याचं तेल असतं, लाल तिखट असतं. पाणी ओतून ते पातळ होतं, हलकं मात्र होत नाही. तेल वर तरंगतं, दाळीची कणी तळाशी बसते, मधे नुसतं पिवळं पाणी राहतं. माणूस दोन घोट घेतो आणि तोंड फिरवतो. मग आपणच म्हणतो, "याला काही जातच नाही."

हे मीही केलेलं आहे. आमचे आबा म्हणजे माझे सासरे तापानं पडले होते, तेव्हा मी त्यांना असंच वाढवलेलं वरण दिलं. अर्ध्या तासात सगळं उलटून पडलं. मी दोष त्यांच्या पोटाला दिला. वाटीत काय होतं याचा विचार पुढच्या वेळी केला.

आजाऱ्याचं सूप वेगळ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, कोऱ्या पाण्यापासून सुरू होतं. मीठ कधी, फोडणी कधी, लिंबू कधी, याचा क्रम ठरलेला असतो. खाली मुगाच्या कढणावर सगळ्यात जास्त लिहिलं आहे, कारण ते जमलं की बाकीच्यांना फारसं काही लागत नाही.

आधी हे बघा: घरी थांबायचं की दवाखान्यात जायचं

सूप हे औषध नाही. ताप तीन दिवसांहून जास्त चालला, उलट्या थांबत नाहीत, सहा-आठ तासांत लघवी झाली नाही, धाप लागते, माणूस गुंगीत आहे, पोटात जोराची कळ येते किंवा कुठूनही रक्त जातं, तर गॅस पेटवू नका, दवाखाना गाठा. डेंग्यूची शंका असेल तर आणखी एक लक्षात ठेवा: ताप उतरतो तेव्हाचे एक-दोन दिवसच जास्त जपायचे असतात. ताप गेला म्हणून निर्धास्त होऊ नये.

जुलाब लागलेल्या माणसाला कढणाआधी ओआरएस, म्हणजे पाकिटात मिळणारं मीठ-साखरेचं मिश्रण पाण्यात कालवून. पाकीट नसेल तर १ लीटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. सपाट म्हणजे चमच्यावरून सुरी फिरवून. मीठ अंदाजानं टाकू नका, जास्त झालं तर लहान मुलाला ते धोक्याचं आहे.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला कढण, पेज, सूप यातलं काहीही नाही, आईचं दूधच. किडनीचा त्रास, बीपी किंवा शुगर असलेल्यांसाठी मीठ, भाज्या आणि तांदळाची पेज किती, हे त्यांच्या डॉक्टरांना विचारून घ्या. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे आणि जेवण बंद आहे, असं असेल तर आधी फोन करा.

१. मांडामांड

या लेखात वाटी म्हणजे साधारण १५० मिली, चमचा म्हणजे चहाचा, ५ मिलीचा. घरातली एकच वाटी ठरवा आणि सगळं तिनंच मोजा. दाळ एका वाटीनं आणि पाणी पेल्यानं मोजलं की कढण कधी लापशी होतं, कधी धुवण.

काढून ठेवा: छोटा कुकर, एक गंज, रवी, बारीक गाळणी, फोडणीचं छोटं कढलं आणि त्यावर बसणारं झाकण. गाळणी चहाची नको. चहाचा वास कितीही घासलं तरी जात नाही आणि आजाऱ्याचं नाक भलतंच तिखट झालेलं असतं.

पाण्याकडे लक्ष द्या. आपल्याकडे बऱ्याच घरी बोअरचं पाणी आहे आणि ते जड असतं. जड पाण्यात दाळ लवकर शिजत नाही, आठ शिट्ट्या होतात तरी कणी राहते. मग कुणीतरी चिमूटभर खायचा सोडा टाकतं. दाळ गळते खरी, पण सोड्यानं तिच्यातलं बी-१ जीवनसत्त्व जातं आणि तोंडाला साबणासारखी चव येते. त्यापेक्षा फिल्टरचं पाणी घ्या आणि दाळ जास्त वेळ भिजवा.

तपासणी: मसाल्याचा डबा ओट्यावर आहे का? उचलून आत ठेवा. गंमत नाही करत. काळ्या मसाल्याकडे हात आपोआप जातो, डोक्याला कळायच्या आत.

२. मुगाचं कढण

*साहित्य:* अर्धी वाटी सोललेली मूग दाळ, ५ वाट्या पाणी, पाव चमचा हळद, अर्धा सपाट चमचा मीठ, अर्धा चमचा तूप, पाव चमचा जिरं, चिमूटभर हिंग, शेवटी अर्ध्या लिंबाचा रस. यातून साडेतीन-चार वाट्या कढण निघतं, एका माणसाला एका दिवसापुरतं.

दाळ पिवळी, सोललेलीच घ्या. सालाची हिरवी दाळ चांगली असते, पण पोट बिघडलेलं असताना नको. साल गाळणीत अडकतं आणि पोटातही. तूर दाळ चालेल का, असं नेहमी विचारतात. दोन दिवसांनी चालेल. उडदाची दाळ मात्र अंगात जोर आल्यावरच. "ताकद येईल" म्हणून पहिल्याच दिवशी उडदाची दाळ वाढणारी माणसं मी पाहिली आहेत.

*पहिली पायरी.* दाळ कोरडीच मंद आचेवर तीन-चार मिनिटं भाजा. रंग बदलू द्यायचा नाही, नुसता खमंग वास सुटला की उतरवा. कच्च्या मुगाचा जो हिरवट वास असतो तो यानं जातो. उलट्या होणाऱ्या माणसाला तोच वास नको होतो.

*दुसरी.* दोन-तीनदा धुऊन अर्धा तास भिजवा. पाणी जड असेल तर एक तास.

*तिसरी.* भिजवलेलं पाणी टाकून द्या. कुकरमध्ये दाळ, ३ वाट्या पाणी आणि हळद घालून झाकण न लावता उकळी येऊ द्या. वर पांढरा फेस येईल तो पळीनं काढून टाका. बहुतेक जण ही पायरी गाळतात आणि मग शिट्टीतून पिवळं पाणी उडून भिंत रंगते. तो फेस शिट्टीच्या भोकातही अडकू शकतो, म्हणून दाळीला कुकर अर्ध्याच्या वर कधीच भरायचा नाही.

*चौथी.* आता झाकण लावा. मध्यम आचेवर चार शिट्ट्या, मग गॅस बंद. वाफ आपोआप जिरू द्या. घाईनं शिट्टी उचलली तर दाळ उसळून बाहेर येते आणि आतली अर्धवट राहते.

तपासणी: एक दाणा बोटांत दाबा. मधे कणी लागली तर आणखी दोन शिट्ट्या. आत्ता कंटाळा केला तर पुढचं सगळं वाया. कणी राहिलेलं कढण कितीही गाळा, तळाशी बसतंच.

*पाचवी.* रवीनं घोटा. मिक्सर नको. मिक्सरमधून काढलेलं कढण चिकट, फेसाळ होतं आणि घशाला गुळगुळीत लेप बसल्यासारखं लागतं. घोटताना उरलेलं २ वाट्या पाणी उकळतं करून थोडं थोडं ओता. गार पाणी ओतलं तर दाळ खाली आणि पाणी वर, अशी फाटाफूट होते. पुन्हा कितीही ढवळा, जमत नाही.

*सहावी.* गाळा. पहिल्या दिवशी गाळणीतून नुसतं निथळू द्या, वर राहिलेला गाळ दाबून काढायचा नाही. तो गाळ घरच्यांच्या वरणात ढकला, वाया जात नाही. दुसऱ्या दिवशी हलक्या हातानं दाबा. तिसऱ्या दिवशी गाळायची गरज नाही.

*सातवी.* गाळलेलं कढण गंजात घेऊन पाच मिनिटं मंद उकळा आणि आत्ता मीठ घाला. आधी घातलं तर पाणी किती आटलं, किती वाढलं, त्यावर चव हलते आणि अंदाज चुकतो.

मिठाबद्दल दोन शब्द. आजारात मीठ बंद करायचं, असं बऱ्याच घरी मानतात. डॉक्टरांनी सांगितलं असेल तर जरूर. नाहीतर घामातून, जुलाबातून मीठ गेलेलंच असतं, वर आपण ते तोडायचं, हे उलटं आहे. पण आजाऱ्याच्या जिभेवरही विसंबू नका. त्याला सगळंच अळणी लागतं. "तोंडले चवच नही शे," म्हणून तो मीठ मागेल, तिखट मागेल, लोणचं मागेल. मीठ चमच्यानं मोजा, चव आपल्या जिभेनं घ्या.

*आठवी.* फोडणी, आणि ती सगळ्यांना नाही. मळमळ किंवा उलट्या असतील तर अजिबात देऊ नका. तुपाचा वास घरात पसरला तरी त्रास होतो. बाकीच्यांना अर्धा चमचा तुपात जिरं तडतडू द्या, हिंग टाका आणि लगेच कढणात ओतून झाकण ठेवा. मोहरी नाही, लाल मिरची नाही. खोकला असेल तर ठेचलेली एक लसूण पाकळी गुलाबी होईपर्यंत परता. गुलाबी म्हणजे गुलाबी. आपल्याकडे लसूण काळपट होईपर्यंत जाळायची सवय असते, ती भाजीला शोभते. इथे ती कडू लागते, आणि तिच्या धुरानं आधीच खोकणारा माणूस बेजार होतो. फोडणी करताना स्वयंपाकघराचं दार लोटून घ्या.

*नववी.* गॅस बंद केल्यावर दोन मिनिटांनी लिंबू. शिजताना आंबट कधीच नाही. चिंच, टोमॅटो, आमसूल काहीही आधी पडलं की दाळ शिजायला अडते. घसा सोलवटलेला असेल किंवा तोंड आलं असेल तर लिंबू घालू नका.

तपासणी: पळी उचलून सोडा. कढण धारेनं पडलं पाहिजे. गोळे पडले तर ते वरण झालं, आणखी अर्धी वाटी उकळतं पाणी घाला. पळीच्या पाठीवर काहीच राहिलं नाही तर फार पातळ झालं, पाच मिनिटं आटवा.

३. दादरची पेज

दादर म्हणजे आपल्याकडची ज्वारी. हिच्या पेजेत एकच चूक होते, पण ती सगळेच करतात. उकळत्या पाण्यात कोरडं पीठ टाकतात. पिठाचा बाहेरचा थर गरम पाण्यात लगेच शिजून बंद होतो आणि आतलं पीठ कोरडंच राहतं. मग त्या गाठी पळीनं फोडत बसा.

म्हणून ३ मोठे चमचे दादरचं पीठ आधी अर्धी वाटी गार पाण्यात कालवा. बोटानं तळ चाचपून बघा, गाठ राहता कामा नये. दुसरीकडे अडीच वाट्या पाणी उकळा, आच कमी करा आणि एका हातानं ढवळत दुसऱ्या हातानं कालवलेलं पीठ धारेनं सोडा. आठ-दहा मिनिटं मंद शिजवा. घट्ट दिसायला लागली की झाली, असं वाटतं, ते फसवं आहे. चव घ्या. पिठाचा कच्चटपणा जिभेवर असेल तर आणखी तीन मिनिटं. पाव सपाट चमचा मीठ आणि चिमूटभर जिरेपूड घातली की पुरे.

पीठ ताजं हवं. महिनाभर डब्यात पडलेल्या ज्वारीच्या पिठाला खवट वास येतो आणि पेजेत तो लपत नाही. भाकरीत लपतो, कारण सोबत ठेचा असतो. दादर नसेल तर दुसरी कुठलीही ज्वारी चालते, फक्त पीठ बारीक चाळून घ्या.

पेज गार होताना घट्ट होते. म्हणून गॅसवर असताना हवी त्यापेक्षा थोडी पातळच ठेवा. ताक घालायचं असेल तर पेज कोमट झाल्यावर, लोणी काढलेलं, गोडसर ताक अर्धी वाटी. गरम पेजेत ताक फुटतं. रात्रभर आंबवलेली आंबील आजाऱ्याला नको. वैशाखात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या पुढे जातो, त्या उन्हात पीठ किती आंबलं याचा अंदाज रोजच्या हातालाही लागत नाही.

तांदळाची पेजही अशीच सोपी: पाव वाटी जुना तांदूळ, ६ वाट्या पाणी, अर्धा तास मंद आच, मग रवी. जुलाबात ती जास्त बरी पडते.

४. दुधी आणि शेवगा

ताप उतरल्यावर, पोट ठिकाणावर आल्यावर.

सावधान: दुधी चिरल्यावर कच्ची फोड जिभेला लावून बघा. कडू लागली तर तो दुधी अख्खा फेकून द्या. शिजवून कडूपणा जात नाही आणि असा दुधी पोटात गेला तर जोराच्या उलट्या, जुलाब, कधी रक्तही पडतं. निरोगी माणसालाही तो सोसत नाही.

२ वाट्या दुधीच्या फोडी, १ चमचा भिजवलेली मूग दाळ, अर्धा इंच अद्रक, ३ वाट्या पाणी. दोन शिट्ट्या, रवी, गाळणी, मीठ, मिरपूड. शेवग्याचा पाला घालायचा तर देठ सगळे काढून मूठभर पानं शेवटच्या तीन-चार मिनिटांत टाका. सुरुवातीपासून शिजला की काळपट आणि उग्र होतो. शेंगा असतील तर शिजवून, गर पिळून, गाळूनच. शेंगेचा एखादा दोरा घशात अडकला की पुढची वाटी तो माणूस घेत नाही. जुलाब चालू असतील तर पाला नको.

टोमॅटोचं सूप मुलं आवडीनं घेतात, पण दुखऱ्या घशाला ते झोंबतं. पाकिटातल्या सुपाबद्दल एवढंच: मागचं लेबल वाचा, मीठ किती आहे ते बघा.

५. कोंबडीचं सूप

खाणाऱ्या घरांत यावर सगळ्यांचा जीव असतो, आणि बिघडतंही हेच जास्त. कारण आपण रस्सा करतो आणि त्याला सूप म्हणतो. भाजलेलं खोबरं, भाजलेला कांदा, काळा मसाला, वर तर्री. हे बरं झाल्यावरचं जेवण आहे.

अर्धा किलो हाडासकट कोंबडी घ्या, मानेचे आणि तंगडीचे तुकडे चांगले. नळाच्या धारेखाली खळखळून धुवू नका, कच्च्या मांसाचे शिंतोडे ओटाभर उडतात आणि तिथेच आपण आजाऱ्याची वाटी ठेवतो. कागदानं टिपून घ्या. दीड लीटर गार पाण्यात तुकडे, अर्धा कांदा, चार लसूण पाकळ्या, इंचभर अद्रक, सहा मिरे, चिमूटभर हळद. उकळत्या पाण्यात तुकडे टाकले तर मांस वरून आवळतं आणि पाणी गढूळ होतं. हळूहळू तापू द्या, वर येणारा राखाडी फेस काढत राहा. मग आच इतकी कमी की कडेनं एखादा बुडबुडा यावा. ब्रॉयलरला सव्वा तास, गावरानला दोन. कुकरच लावायचा तर आधी फेस काढून मग ब्रॉयलरला तीन शिट्ट्या आणि वर दहा मिनिटं मंद आच; गावरानला सहा-सात शिट्ट्या.

गाळा, १ सपाट चमचा मीठ घाला, आणि आता चरबी. गंज थंड पाण्याच्या परातीत ठेवून गार करा, मग फ्रिजमध्ये ठेवा. वर पांढरट थर जमेल तो चमच्यानं उचला. घाई असेल तर भाकरीचा पापुद्रा वरून फिरवा, तो बरीच चरबी टिपतो. प्यायला देताना पुन्हा खळखळून उकळा.

पायाचं सूप करायचं असेल तर ते अशक्तपणात, ताप गेल्यावर. "हाडातलं कॅल्शियम उतरतं" असं म्हणतात, पण पाण्यात ते फारच थोडं येतं. चव आणि ऊब मात्र भरपूर.

६. पाजायचं कसं

इतकं करून इथे घाण होते. माणसाला बसतं करा, पाठीला उशी द्या. आडव्या माणसाला, झापड आलेल्या म्हाताऱ्याला वाटी तोंडाला लावू नका, ठसका लागून सूप श्वासनळीत जातं. मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून बघा. सहन झाला तर द्या.

उलटी झाली असेल तर दहा मिनिटं थांबा. मग एक-दोन चमचे, पुन्हा पाच मिनिटं थांबायचं. अर्धा तास टिकलं तर अर्धी वाटी. "संपव बरं सगळं" म्हणून आग्रह नको. आपल्या आग्रहानं आतापर्यंत जितक्या वाट्या गेल्या असतील, त्यातल्या बऱ्याचशा परत आल्या असतील. दिवसात सहा वेळा अर्धी वाटी, हे दोनदा भरून देण्यापेक्षा बरं.

७. उरलेलं

झाकून ओट्यावर ठेवू नका. एरवी दोन तासांच्या आत, आणि आपल्या उन्हाळ्यात एका तासाच्या आत फ्रिजमध्ये. मोठा गंज आत तासन्तास कोमट राहतो, म्हणून पसरट, छोट्या भांड्यांत ओता. तांदळाच्या पेजेला तर जास्तच जपा. शिजवूनही न मरणारे जंतू तिच्यात असतात. ती बाहेर राहिली की ते वाढून विष करतात, आणि ते विष पुन्हा उकळून जात नाही. दुसऱ्या दिवसापर्यंत संपवा. लागेल तेवढंच काढून, एकदाच, खळखळून गरम करा. उष्टी वाटी परत गंजात ओतायची नाही.

८. भाकरीकडे परत

सूप थांबवायचं कधी, हे घड्याळ सांगत नाही. माणूस आपण होऊन "जेवायला काय आहे" विचारतो, तेव्हा. पहिल्या जेवणाला दादरच्या भाकरीचा मऊ पापुद्रा न गाळलेल्या कढणात चुरून द्या. ते टिकलं की संध्याकाळी पातळ खिचडी, दुसऱ्या दिवशी भाकरी आणि फिकं वरण. कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी, भरीत आणि ठेचा त्यानंतर.

आणि आमच्या घरातल्यासारखा तो जर उठून बसल्या बसल्या "शेव शे का घरमा?" असं विचारायला लागला, तर फिक्या शेवेची लहानशी चिमूट कढणावर भुरभुरून द्या. तिखट शेवेचा डबा दोन दिवस वरच्या फळीवरच राहू द्या.